वाघिणीचा पोचा

गुणवंतरावांनी त्या दिवशी ठरवलं ते एवढंच, की सासऱ्यांची गाडी उन्हात ठेवायची नाही. होळीला अजून आठवडा होता, पण वरोऱ्याच्या उन्हाला कॅलेंडर बघायची सवय नाही. ऑफिसच्या आवारात झाड एकच, ते कवठाचं, आणि त्याच्याखालची जागा रिकामी होती. इतकी गार जागा सकाळी अकरापर्यंत रिकामी का राहिली असावी, हा प्रश्न कुणाही शहाण्या माणसाला पडला असता. गुणवंतरावांना पडला नाही. (ते एकोणीस वर्षं कारकून होते. प्रश्न वरून यायचे, त्यांनी फक्त ते पुढं पाठवायचे.)

पावणेदोनला त्यांनी डबा उघडला आणि बाहेर ‘ढप्प’ असा आवाज झाला. कुणीतरी म्हणालं, “कवठ पडलं वाट्टे.” गुणवंतरावांना आनंद झाला. त्यांची बायको माधवी कवठाची चटणी फार छान करते. ते कवठ आणायला उठले, झाडापाशी गेले, आणि चटणी विसरले.

गाडी बाटलीच्या हिरव्या रंगाची होती, पंधरा वर्षं जुनी होती, आणि बापूरावांची होती. बापूराव म्हणजे त्यांचे सासरे, मोहर्लीचे. वनरक्षक म्हणून निवृत्त झाले होते आणि आता घरामागच्या दोन खोल्या सफारीच्या पाहुण्यांना देत होते. नुकतंच त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी महिनाभर गाडी चालवायला मनाई केली. तेव्हा त्यांनी जावयाच्या हातावर किल्ली ठेवली. “उभी राह्यली का बॅटरी मरते जी. चालवा महिनाभर. फक्त ह्याले सांभाळा,” असं म्हणून त्यांनी बॉनेटवर तळहात टेकवला होता.

त्या तळहाताखाली एक पोचा होता. बारा वर्षांपूर्वी एका पहाटे बापूराव ड्युटीवर निघाले असताना वळणावर वाघीण बसलेली दिसली. त्यांनी गाडी थांबवली. ती उठली, सावकाश चालत आली, पुढचा एक पाय बॉनेटवर दाबून तिनं काचेतून आत पाहिलं. मग काही विशेष नाही असं ठरवून निघून गेली. बापूरावांनी एकतीस वर्षं जंगल पायी तुडवलं होतं, वणवे विझवले होते, तीनदा मलेरिया काढला होता. निवृत्तीला त्यांना एक शाल आणि एक प्रमाणपत्र मिळालं. शालीचा रंग पहिल्या धुण्यात गेला, प्रमाणपत्राला वाळवी लागली. राहिला तो पोचा. रोज संध्याकाळी ते पाहुण्यांना अंगणात नेत, गोष्ट सांगत, आणि शेवटी पाहुण्यांकडं बघत, गाडीकडं न बघता, तळहात बरोबर त्या खळग्यात टेकवत. मग एकेक जण पुढं येऊन तिथं हात ठेवून जाई.

आता त्या पोच्याच्या शेजारी, वीतभर अंतरावर, तेवढ्याच आकाराचा दुसरा पोचा होता. शेजारी कवठ पडलेलं होतं. त्याला ओरखडासुद्धा नव्हता.

“बाबाले फोन करून सांगून टाका,” संध्याकाळी घरी माधवी म्हणाली.

“आत्ताच त ऑपरेशन झालं त्याइचं. डोळ्याले ताण पडन.”

“फोन कानाले लावते माणूस.”

गुणवंतरावांनी विषय बदलला. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी कुलदीपच्या गॅरेजवर नेली. कुलदीपनं बॉनेटवर टिचकी मारली आणि म्हणाला, “लांबीचा लगदा भरू, घासू, पूर्ण बॉनेटले रंग मारू. पण हा हिरवा आता भेटत नाई. थोडा पोपटी येईन.”

“आन हा जुना पोचा?”

“तो बी भरून देतो न. त्यात काय.”

गुणवंतरावांनी गाडीच्या पुढं उभं राहून दोन्ही हात पसरले, जणू कुलदीप आत्ताच वाघिणीवर लांबी थापायला निघाला होता. तेव्हा कुलदीपनं त्यांना वारलूभाऊंचा पत्ता दिला.

वारलूभाऊ मूळचे पोंभुर्ण्याच्या जंगलातले, आता वरोऱ्यात रेल्वे फाटकाजवळ मुलीकडं राहात होते. पूर्वी रंग नागपूरहून यायचा आणि यायला महिना लागायचा. त्या काळात ते रंगाला धक्का न लावता जीपचे पोचे काढायला शिकले होते. त्यांनी जुन्या लुगड्यात गुंडाळलेली हत्यारं काढून ओट्यावर मांडली. टोकं घासून गुळगुळीत केलेल्या सळया होत्या, प्रत्येकीला वेगळा बाक. चिंचेच्या लाकडाच्या ठोकण्या होत्या आणि चामडं बांधलेली एक लहानशी हातोडी होती. सगळं स्वतःच्या हातानं केलेलं.

“रंग तडकला का?” त्यांनी विचारलं.

“नाई जी.”

“मंग निघते. पण मी नाई काढत. खांदा गेला माहा. मी बसून सांगतो, तुमी करा.”

“मी त कारकून हाय, भाऊ.”

“मंग त चांगलंच झालं. ह्या कामाले घाईचा माणूस चालत नाई.”

गुणवंतरावांच्या कामाच्या वेगाचं असं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं. ते तिथल्या तिथं शिष्य झाले.

पुढचे तीन रविवार ते वारलूभाऊंच्या ओट्यावर शिकले. पत्र्याच्या मागून सळईच्या टोकानं दाबायचं, पण पोच्याच्या मधोमध कधीच नाही. “मधात दाबसाल त तो रुसते,” वारलूभाऊ सांगत. “काठाकाठानं या. थोडं दाबा, थांबा, पाहा. लहान लेकराले जेवू घालता न, तसं.” आणि पाहायचं ते पोच्याकडं नाही. विटांवर ट्यूबलाइट उभी करायची, तिची रेघ रंगात पडते, ती पाहायची. पोचा असला की रेघ वाकते. रेघ सुतासारखी सरळ झाली की काम झालं.

सराव घरी चालायचा. माधवीच्या माहेरून आलेली, तांदूळ ठेवायची पत्र्याची कोठी होती, अठरा वर्षांत तिला जागोजागी पोचे आले होते. गुणवंतरावांनी तिच्यातले तांदूळ बादलीत, पातेल्यात आणि प्रवासासाठी ठेवलेल्या सुटकेसमध्ये काढले आणि आतून टकटक सुरू केली. शेजारच्या निशाबाईंनी भिंतीपलीकडून विचारलं, “माधवीताई, तुमच्या घरी सुतारपक्षी शिरला का वो?”

“हो ना. नोकरी करून राह्यला, म्हणून हाकलता येत नाई,” माधवी म्हणाली. पण कोठीवरचा पहिला पोचा निघाला तेव्हा तिनं त्यावरून बोट फिरवून पाहिलं, आणि त्या दिवशी चहात आलं घातलं.

कोठी झाली, मग कुकर झाला, मग ऑफिसातलं लोखंडी कपाट झालं. गुणवंतरावांची नजरच बदलली. एका लग्नात ते नवरीच्या गाडीपुढं इतका वेळ वाकून राहिले, की वरपक्षाला वाटलं, नमस्कार करताहेत. ऑफिसच्या मीटिंगमध्ये साहेबांच्या टकलावर ट्यूबलाइटची रेघ पडली होती आणि ती डाव्या कानाच्या वर किंचित वाकत होती. गुणवंतरावांचा हात आपोआप खिशातल्या ठोकणीकडं गेला. (सुदैवानं तेवढ्यात मीटिंग संपली.)

इतक्यात मोहर्लीहून फोन आला. बापूरावांचा आवाज टवटवीत होता. “डॉक्टरनं सोडलं जी मले. आता मुंगीच्या मिशा बी दिसून राह्यल्या. रविवारी गाडी घेऊन या. पुण्याचे आठ पाहुणे येऊन राह्यले. जंगलात वाघ दिसो का नाई दिसो, आपली वाघीण त दिसनच म्हटलं त्याइले.”

हातात फक्त शनिवार उरला होता. सुट्टीच होती. सकाळी वारलूभाऊंच्या अंगणात दोघांनी बॉनेट सोडवलं. “पयले खूण करा,” वारलूभाऊ म्हणाले. गुणवंतरावांनी खडूनं कवठाच्या पोच्याभोवती सुबक गोल काढला आणि समजावून सांगितलं, हा डावीकडचा काढायचा, उजवीकडची वाघीण आहे. वाघीण म्हटल्यावर वारलूभाऊंनी त्या पोच्यापुढं हात जोडले. “तिले हात नोका लावू, भाऊ,” ते हळूच म्हणाले.

“माह्या जिवात जीव हाय तवरी नाई लावत,” गुणवंतराव म्हणाले.

मग त्यांनी बाजेवर गोधडी अंथरली, बॉनेट भाकरीसारखं उलटवून तिच्यावर ठेवलं, आणि कामाला बसले.

वरून दाबून पोचा निघत नाही, म्हणून पत्रा उलटा करावाच लागतो. त्यात चूक काही नव्हती. चूक एवढीच, की खडूचा गोल आता खाली गोधडीवर होता. वर दिसत होते ते दोन सारखेच उंचवटे, आणि गुणवंतरावांच्या मनात पक्कं होतं ते ‘डावीकडचा’. भाकरी उलटली की तिची डावी बाजू उजवीकडं जाते, हे ज्यानं रोज भाकरी केली त्याला सांगावं लागत नाही. गुणवंतराव भाकरी फक्त खात आले होते.

पाच तास ते डावीकडच्या उंचवट्यावर बसले. काठाकाठानं, थोडं दाब, थांब, बोटानं चाचप. सारखं उलटवलं तर रंगाला ओरखडा जाईल, म्हणून रेघ शेवटी एकदाच पाहायची ठरली होती. दुपारचं जेवण राहिलं. वारलूभाऊ डोळे मिटून नुसता आवाज ऐकत आणि मधूनच “हं, आता हलक्या हातानं” असं म्हणत. साडेतीनला त्यांनी पुढं होऊन आतून तळवा फिरवला. त्यांचा चेहरा उजळला.

“चाळीस वर्षांत सहा जण शिकाले आले माह्याकडं,” ते म्हणाले. “असा हात कोणाचाच नव्हता.”

गुणवंतराव त्यांच्या पाया पडले. दोघांनी बॉनेट सुलटं केलं, ट्यूबलाइट लावली. हिरव्या रंगात रेघ पडली ती अगदी दोरी ताणल्यासारखी सरळ. पोचा कुठं होता हे शोधूनही सापडेना. त्याच वेळी माधवी जेवणाचा डबा घेऊन फाटकातून आली. तिनं बॉनेटकडं पाहिलं. मग नवऱ्याकडं पाहिलं.

“अवो,” ती म्हणाली, “बाबाची वाघीण कुठी गेली?”

गुणवंतरावांनी रेघेवरची नजर काढून थोडी बाजूला नेली. तिथं खडूचा सुबक गोल होता, आणि गोलाच्या आत कवठाचा पोचा सुखरूप बसला होता.

वारलूभाऊंनी डोक्यावरचा रुमाल काढून मांडीवर ठेवला. गुणवंतराव एकदम उठले, मुठीनं त्या सपाट जागेवर दाबू लागले. पत्रा आत गेला आणि ‘टक’ करून बाहेर आला. त्यांनी कोपर लावून पाहिलं. गुडघा लावला. माधवीनं त्यांना दंडाला धरून मागं ओढलं.

“भाऊ, तुमी पाडून द्या एक पोचा,” गुणवंतराव काकुळतीला आले. “पंजाएवढा. तुमाले जमन.”

“जमन,” वारलूभाऊ म्हणाले. “पण वाघिणीचा पाय मी कुठून आणू? तो तिनंच ठेवला पाहिजे.”

रात्री गुणवंतराव जेवले नाहीत. सासऱ्यांच्या एकतीस वर्षांचं उरलेलं जे काही होतं, ते आपण पाच तासांत, उपाशी राहून, मन लावून पुसून टाकलं. थोडं वाईट काम केलं असतं तरी काहीतरी खूण राहिली असती. पण त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच एक काम अजिबात खोट न ठेवता केलं होतं. “उद्या गेल्याबरोबर सांगून टाकतो,” ते म्हणाले. माधवीनं मान हलवली आणि त्यांच्या पुढ्यात दूधभात ठेवला. त्या वेळी तिला नवऱ्याची फार दया आली.

गेल्याबरोबर सांगायचं राहिलं, कारण गेल्याबरोबर पाहुणेच अंगणात उभे होते. बापूराव काळा चष्मा घालून, इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर तयार. “आली, आली,” ते म्हणाले आणि गाडी पुरती थांबायच्या आत गोष्ट सुरू झाली. गुणवंतराव दोनदा “बाबा, मले जरा…” म्हणाले. सासूबाई रुखमाबाईंनी त्यांच्या हातात पाण्याचा गडवा दिला आणि “आंधी पाणी प्या, जवाईबापू,” म्हणून त्यांचं तोंड बंद केलं.

वळण आलं. वाघीण उठली. चालत आली. पुण्याच्या बाईंनी नवऱ्याचा हात धरला. “आन मंग,” बापूराव म्हणाले, “माह्या डोळ्यात डोळे घालून तिनं आपला पाय ठेवला तो…”

त्यांचा तळहात, गेली बारा वर्षं टेकायचा तिथं, टेकला. आणि सपाट पत्र्यावरून घसरला.

बापूराव थांबले. त्यांनी हात पुन्हा तिथं नेला, इकडं तिकडं फिरवला, जसा माणूस सकाळी उशाशी ठेवलेला चष्मा शोधतो. पाहुणे वाट पाहात होते. गुणवंतरावांच्या हातातल्या गडव्यातलं पाणी त्यांच्याच चपलेवर सांडत होतं. बापूरावांचा हात सरकत सरकत वीतभर पलीकडं गेला आणि कवठाच्या पोच्यात पडला.

“…आन मंग तिनं तो पाय थोडा सरकवला,” बापूराव म्हणाले, “इथी.”

टाळ्या पडल्या. आठही जणांनी एकेक करून कवठाच्या पोच्यात हात ठेवला. एका काकांना तिथं नखांची खूणसुद्धा दिसली.

पाहुणे सफारीला गेल्यावर बापूरावांनी चष्मा काढला. “जवाईबापू,” ते म्हणाले, “या इकडं.”

गुणवंतरावांनी सगळं सांगितलं. कवठ, कुलदीप, वारलूभाऊ, कोठी, खडूचा गोल, भाकरी, काहीच मागं ठेवलं नाही. रुखमाबाईंनी पदर तोंडाला लावला. बापूराव बॉनेटच्या त्या सपाट जागेवरून बोटं फिरवत राहिले. त्यांना वाईट वाटलं होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. डोळे ओले झाले होते, आणि ते ऑपरेशनमुळं नाही हे सगळ्यांना कळत होतं.

“ह्या हातानं काढला?” त्यांनी विचारलं.

“हो जी.”

“रंग बी नाई हालला.”

“नाई जी.”

बापूरावांनी सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसला. मग म्हणाले, “एकतीस वर्षं मी लोकाइले सांगत राह्यलो, जंगलात जा, फिरा, पण आपली खूण मांगं ठेवू नोका. कोणीच नाई आयकलं. आयकलं त माह्याच जवायानं.” आणि त्यांनी गुणवंतरावांच्या पाठीवर असा हात मारला, की तिथं पोचा पडायचाच बाकी राहिला. रुखमाबाईंना हसू आवरेना, आणि माधवी रडत होती की हसत होती ते तिचं तिलाच कळेना. दुपारच्या जेवणात कवठाची चटणी होती. गुणवंतरावांना ती तीनदा वाढण्यात आली.

कवठाचाही पोचा काढून देतो असं ते पुन्हा पुन्हा म्हणाले. बापूरावांनी साफ नकार दिला. त्यांचा जावयाच्या हातावर आता पूर्ण विश्वास बसला होता, म्हणूनच ते भीत होते.

दिवाळीच्या सुट्टीत गुणवंतराव मोहर्लीला गेले तेव्हा नाशिकचे पाहुणे उतरले होते. संध्याकाळी अंगणात गोष्ट रंगली. वळण आलं, वाघीण आली, आणि बापूरावांनी सपाट जागेवर बोट ठेवलं. “इथी होती तिची खूण.”

“पण इथं तर काहीच नाही,” एक तरुण म्हणाला.

“कशी राहीन? आमच्या जवायानं हाकलून देली न तिले. ते पाहा, उभे हायेत.”

सगळ्या माना वळल्या. गुणवंतराव ओट्याशी बशीतून चहा पीत होते. एवढ्या आदरानं त्यांच्याकडं कुणी कधीच पाहिलं नव्हतं. त्यांनी बशी खाली ठेवली, छाती थोडी पुढं काढली, आणि वाघिणीला हाकलणारा माणूस जसा दिसत असावा तसा चेहरा केला.

“आणि मग हा शेजारचा पोचा कशाचा?” तरुणाच्या बायकोनं विचारलं.

“हा?” बापूराव म्हणाले. “तिले हाकलून पळतांनी जवाईबापू इथी डोक्यावर पडले, तवाचा.”

तरुणानं पोच्याकडं पाहिलं, मग गुणवंतरावांच्या डोक्याकडं, मग पुन्हा पोच्याकडं. “काका,” त्यानं मोबाईल काढत अदबीनं विचारलं, “एक मिनिट वाकता का?”

सासऱ्यांपुढं नाही म्हणायची सोय नव्हती. गुणवंतराव वाकले. डोकं पोच्यात बरोबर बसलं, कुठंही फट राहिली नाही. सगळ्यांना त्याचं फार आश्चर्य वाटलं. माधवीला तेवढं वाटलं नाही. डोकं आणि कवठ एकाच जातीचं आहे, हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं.